ईटीपीच्या गाळासाठी फिल्टर प्रेस : गाळाच्या चाचणीपासून रोजच्या नोंदवहीपर्यंत

तारापूर, लोटे परशुराम, पाताळगंगा किंवा कुरकुंभसारख्या औद्योगिक वसाहतीतला लहान रासायनिक कारखाना, प्लेटिंगचे युनिट किंवा कापड रंगवणारे प्रोसेस हाऊस, यांपैकी कुठेही सांडपाणी शुद्धीकरणाचे, म्हणजे ईटीपीचे, काम ज्यांच्याकडे नव्याने आले आहे त्यांच्यासाठी हा लेख लिहिला आहे. निवळण टाकीच्या तळातून जो गाळ काढला जातो, त्यात शंभर भागांत सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव भाग पाणीच असते. असा गाळ ट्रकमधून पाठवता येत नाही, आणि उघड्या वाळवण-वाफ्यांवर पसरला तर कोकणातल्या पावसाळ्यात तो महिनोन्‌महिने तसाच राहतो. म्हणून कारखाने फिल्टर प्रेस, म्हणजे गाळातले पाणी दाबाने गाळून काढणारे यंत्र, घेतात. प्रेस विकत घेणे तुलनेने सोपे आहे. ती रोज घट्ट आणि सहज सुटणारा केक, म्हणजे पाणी निघून गेल्यावर उरलेल्या घन भागाची वडी, देईल अशी व्यवस्था उभी करायला मात्र पुष्कळ विचार लागतो. अनेक वर्षे हे काम केल्यावर माझे मत पक्के झाले आहे, की प्रेसच्या बहुतेक तक्रारींचे मूळ पंपाच्या अलीकडे, गाळाच्या टाकीत असते. त्यामुळे या लेखात यंत्रापेक्षा गाळाबद्दल अधिक वाचायला मिळाले, तर आश्चर्य वाटू देऊ नये.

१. प्रेसच्या आत काय घडते ते आधी समजून घ्या

फिल्टर प्रेसमध्ये एकापुढे एक अशा अनेक चौकोनी प्लेटा दोन मजबूत दांड्यांवर टांगलेल्या असतात. आज त्या बहुतेक ठिकाणी पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे बोलीतल्या पीपीच्या, असतात. प्रत्येक प्लेटच्या दोन्ही बाजूंना खोलगट भाग असतो आणि त्यावर गाळणीचे कापड चढवलेले असते. हायड्रॉलिक जॅकने प्लेटा एकमेकींवर घट्ट दाबल्या, की दोन प्लेटांमध्ये एक पोकळी तयार होते; तिला चेंबर म्हणतात. पंप मधल्या भोकातून सर्व चेंबरांमध्ये गाळ ढकलतो, पाणी कापडातून पार होऊन प्लेटेवरच्या बारीक खाचांतून बाहेर पडते आणि घन भाग आत साचून त्याचा केक होतो.

सुरुवातीची काही मिनिटे सोडली, तर गाळण्याचे खरे काम कापड करत नाही. कापडावर जमलेला केकच करतो. फ्रेंच अभियंता हेन्री डार्सी याने १८५६ मध्ये दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचा अभ्यास करताना वाळूच्या थरातून पाणी कसे वाहते याचा नियम मांडला, आणि तोच नियम इथेही लागू पडतो : थर जितका जाड, तितका प्रवाह कमी. त्यात भर म्हणजे केकची जाडी बॅच चालू असताना वाढतच जाते. यामुळे दाब स्थिर ठेवला आणि कापडाचा अडथळा किरकोळ धरला, तर दुप्पट जाडीचा केक भरायला दुप्पट नव्हे, चौपट वेळ लागतो. जाड केकची प्रेस घेतली तर प्लेटा कमी लागतील, पैसे वाचतील, असा हिशेब ज्यांनी केलेला असतो, त्यांनी ही गोष्ट पुन्हा एकदा तपासून पाहावी.

दुसरी बाब दाबाची. निर्वातावर चालणाऱ्या गाळणीला वातावरणाच्या दाबापेक्षा, म्हणजे सुमारे १ बारपेक्षा, अधिक जोर मिळूच शकत नाही. प्रेसमध्ये ६ ते ७ बार सहज मिळतात आणि खास बनावटीच्या प्रेसमध्ये १५ बारही मिळतात. तरीही दाब वाढवल्याचा लाभ प्रत्येक गाळाला होत नाही. स्फटिकासारख्या कडक कणांचा केक दाबाखाली आपली रचना टिकवतो आणि दाब दुप्पट केला तर जवळपास निम्म्या वेळात गाळून होतो. ईटीपीतला हायड्रॉक्साइडचा किंवा जैविक गाळ मात्र मऊ असतो. दाब वाढला की कापडालगतचा थर चेपला जातो, पाण्याच्या वाटा बुजतात आणि प्रवाह होता तेवढाच राहतो.

२. आपल्याला फिल्टर प्रेसच हवी आहे का, हे ठरवा

दाबावर चालणाऱ्या गाळण्या अनेक प्रकारच्या आहेत. खाद्यतेलाच्या रिफायनरीत ब्लीचिंग अर्थ (तेलाचा रंग काढणारी माती) वेगळी करण्यासाठी बंद भांड्यात उभ्या जाळ्या असलेला प्रेशर लीफ फिल्टर वापरतात. द्रवात घन अगदी थोडे असतील आणि द्रव चकचकीत स्वच्छ हवा असेल, तर स्पार्कलर फिल्टर घेतात. औषधनिर्मितीत घन हेच उत्पादन असते आणि द्रव ज्वालाग्राही असतो. तिथे ढवळणीची सोय असलेला बंद नुत्शे फिल्टर योग्य ठरतो. आपल्या गाळात ज्वलनशील द्रावक असेल, तर उघड्यावर प्लेटा वेगळ्या करण्याची फिल्टर प्रेस घेऊ नये. तिथे बंद यंत्रणा आणि नायट्रोजनची सोय लागते. पाण्यातला गाळ, घनांचे प्रमाण एक टक्क्याच्या पुढे आणि केक फेकायचा किंवा पाठवायचा, अशी स्थिती असेल तर पुढे वाचावे.

३. गाळ मोजा

या पायरीला घाई करू नये. यासाठी लागणारी साधने फार नाहीत : मोजपात्रे, एक अचूक तराजू, गाळणकागद, १०५ अंश सेल्सिअस तापमान ठेवणारा ओव्हन, पीएच मीटर, स्टॉपवॉच, आणि शक्य असल्यास बुकनर फनेल (तळाला भोके असलेले, गाळणकागद ठेवायचे नरसाळे) व छोटा निर्वात पंप. ओव्हन नसेल तर नमुने प्रयोगशाळेत पाठवावेत.

नमुना एकाच दिवशीचा नसावा. उत्पादन बदलले, टाक्या धुतल्या किंवा आठवड्याची सुट्टी गेली, की गाळ बदलतो. म्हणून निरनिराळ्या दिवशी आणि निरनिराळ्या पाळ्यांत नमुने घ्यावेत आणि त्या वेळी कोणते उत्पादन चालू होते हे बाटलीवर लिहावे. टाकीच्या वरच्या थरातून घेतलेला नमुना निरुपयोगी असतो, कारण घन खाली बसलेले असतात. टाकी नीट ढवळून, किंवा पंपाच्या निकासावरून, नमुना घ्यावा.

घनांचे प्रमाण काढताना एक सापळा आहे. नुसता गाळ भांड्यात ओतून वाळवला, तर पाण्यात विरघळलेले क्षारही त्या वजनात येतात. रासायनिक कारखान्याच्या सांडपाण्यात विरघळलेले क्षारच दोन टक्के असू शकतात. तिथे खरे घन दोन टक्के असताना उत्तर चार टक्क्यांच्या आसपास येते आणि प्रेस गरजेपेक्षा दुप्पट मोठी घेतली जाते. म्हणून मोजलेला गाळ गाळणकागदातून गाळावा, थोड्या स्वच्छ पाण्याने धुवावा, आणि कागदावर राहिलेला भाग वजन स्थिर होईपर्यंत वाळवून मोजावा.

यानंतर गाळण्याची चाचणी करावी. बुकनर फनेलमध्ये ठरावीक गाळ ओतून किती वेळात किती पाणी खाली येते, याच्या नोंदी कराव्यात. वेळ भागिले जमलेले पाणी हा आकडा उभ्या अक्षावर आणि जमलेले पाणी आडव्या अक्षावर मांडले, तर बिंदू साधारण सरळ रेषेत येतात. रेषा जितकी चढी, तितका केकचा अडथळा अधिक. याच आलेखावर पुढे निरनिराळी रसायने आणि मात्रा यांची तुलना करता येते. प्रेस पुरवणाऱ्यांपैकी अनेकांकडे दाबाखाली चाचणी करण्याचा छोटा संच असतो. त्यावर आपला गाळ २, ४ आणि ६ बारवर चालवून दाखवण्याची मागणी अवश्य करावी. दाब दुप्पट करूनही वेळ फारसा कमी झाला नाही, तर गाळ मऊ आहे हे उघड होते, आणि मग अधिक दाबाच्या महागड्या प्रेसवर खर्च करण्याऐवजी चौथ्या पायरीकडे लक्ष द्यावे.

४. पंपाआधी गाळ तयार करा

आधी गाळ जितका दाट करता येईल तितका करावा. घन २०० किलोच असले, तरी १ टक्क्याच्या गाळात ते २०,००० लिटरमध्ये पसरलेले असतात, २ टक्क्यांच्या गाळात १०,००० लिटरमध्ये आणि ४ टक्क्यांच्या गाळात ५,००० लिटरमध्ये. केक तेवढाच मिळणार असतो. प्रेसमधून पार करायचे पाणी मात्र या दाटपणावर ठरते. शंकूच्या आकाराची, गाळ तळाशी बसवून दाट करणारी एक साधी थिकनर टाकी आणि तिच्या वरच्या पाण्यासाठी निरनिराळ्या उंचीवरचे नळ एवढ्याने प्रेसचा बराच वेळ वाचतो.

त्यानंतर रसायनांचा विचार. चुना आणि फेरिक क्लोराइड ही जुनी जोडी केकला ताठपणा देते आणि कापडावरून तो सुटतोही चांगला. परंतु चुन्याचे वजन केकमध्येच राहते आणि केकची विल्हेवाट वजनावर आकारली जाते. पॉलिइलेक्ट्रोलाइट, ज्याला प्लांटवर सगळे नुसते पॉली म्हणतात, अत्यल्प मात्रेत कणांचे मोठे पुंजके बांधते आणि वजन वाढवत नाही. पण मात्रा चुकली तर तिचा चिकट थर कापड बुजवतो. पॉलीचे द्रावण साधारण ०.१ टक्के ताकदीचे करावे, पूड भोवऱ्यात हळूहळू सोडावी आणि ती पूर्ण फुगायला पाऊण ते एक तास द्यावा. द्रावणात माशाच्या डोळ्यासारख्या गुठळ्या दिसल्या, तर ते तयार झालेले नाही असे समजावे. जार टेस्टमध्ये, म्हणजे भांड्यांत निरनिराळ्या मात्रा घालून पाहण्याच्या चाचणीत, पुंजके केवढे दिसतात यावर मात्रा ठरवणे अपुरे आहे. त्याच नमुन्याची फनेलवर गाळण्याची चाचणी करून, सर्वांत कमी वेळ देणारी सर्वांत कमी मात्रा निवडावी.

तयार झालेला गाळ जोरात ढवळू नये. पुंजके एकदा तुटले, की त्याच पॉलीने ते पुन्हा तसे बांधले जात नाहीत. प्रेसच्या फीड टाकीतला ढवळा मंद गतीचा असावा आणि तयार गाळ शक्यतो त्याच पाळीत प्रेसवर घ्यावा. जैविक गाळ शिळा झाला तर तो कुजतो, त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि गाळायलाही तो जड होतो.

५. प्रेसच्या आकाराचे गणित स्वतः करा

हे गणित पुरवठादारावर सोडू नये. समजा, दिवसाला १०,००० लिटर गाळ निघतो आणि त्यात २ टक्के घन आहेत. कोरडे घन २०० किलो झाले. चाचणीत केकमध्ये ३० टक्के घन मिळाले असतील, तर ओला केक सुमारे ६६७ किलो होईल. केकची घनता लिटरला १.२ किलो धरली, तर त्याचे आकारमान सुमारे ५५५ लिटर येते. दिवसाला दोन बॅच घ्यायच्या असतील, तर एका बॅचला सुमारे २७८ लिटर जागा हवी. ८०० मिलिमीटर चौरस प्लेटेच्या ३२ मिलिमीटर जाड चेंबरमध्ये साधारण १५ लिटर केक मावतो. म्हणजे १९ चेंबरे लागतील. गाळाचे प्रमाण रोज सारखे नसते, म्हणून वीसेक टक्के वाढ धरून २३ चेंबरांची प्रेस मागावी. चेंबरमध्ये नेमके किती लिटर मावतात हे प्रत्येक उत्पादकाच्या प्लेटेनुसार बदलते. त्यांच्या तक्त्यातला आकडा घालून हिशेब पुन्हा करावा.

इथे बहुतेकांकडून एक गोष्ट निसटते. घनांच्या वीस टक्के चुना घालणार असाल, तर कोरडे वजन २०० किलो राहत नाही, सुमारे २४० किलो होते, आणि पुढचे सर्व आकडे त्या प्रमाणात वाढतात.

आता क्षेत्रफळाची पडताळणी. अशा एका चेंबरला दोन्ही बाजू मिळून सुमारे १ चौरस मीटर गाळण-क्षेत्र मिळते, म्हणजे एकूण २३ चौरस मीटर. एका बॅचमध्ये सुमारे ४,६७० लिटर पाणी पार व्हायला हवे. ते दोन तासांत व्हावे अशी अपेक्षा असेल, तर सरासरी प्रवाह ताशी दर चौरस मीटरला सुमारे १०० लिटर पडतो. चाचणीतला प्रवाह याहून कमी असेल, तर चेंबरांची जागा पुरेशी असूनही बॅच वेळेत संपणार नाही. अशा वेळी चेंबराची जाडी कमी करून प्लेटा वाढवाव्यात. उलट, गाळ लवकर गळत असेल तर ४० मिलिमीटरचे चेंबर घ्यायला हरकत नाही. जाडीचा निर्णय महत्त्वाचा असण्याचे कारण असे, की चेंबर पूर्ण भरले नाही तर केक मधोमध चिखलासारखा राहतो आणि कापडाला चिकटतो. हळू गळणाऱ्या गाळासाठी जाड चेंबर घेतले, तर ते कधीच नीट भरत नाही.

६. कोटेशनमध्ये काय काय लिहून घ्यावे

फिल्टर प्रेस बनवणारे अनेक उद्योग अहमदाबाद परिसरात आहेत आणि महाराष्ट्रातही आहेत; दरांत मोठी तफावत दिसते, कारण प्रत्येकजण वेगळ्या गोष्टी गृहीत धरून दर देतो. म्हणून पुढील बाबी आपणच ठरवून सर्वांना सारख्या कळवाव्यात : प्लेटेचा आकार व पदार्थ, चेंबरांची संख्या व जाडी, कामाचा दाब, हायड्रॉलिक पंप हाताचा की मोटरचा, गाळलेले पाणी प्रत्येक प्लेटेच्या नळातून उघडे पडणार की बंद वाहिनीतून, कापडाचा पदार्थ व विणीचा प्रकार, केकमध्ये हवा फुंकण्याची सोय, गळतीची ट्रे, आणि सुटे भाग.

पाणी उघड्या नळांतून पडणारी रचना मी नवख्या प्लांटसाठी पसंत करतो. एखाद्या प्लेटेचे कापड फाटले, तर त्याच नळातून गढूळ पाणी येते आणि तेवढाच नळ बंद करून बॅच पूर्ण करता येते. बंद वाहिनीत दोष कुठे आहे हे शोधण्यासाठी प्रेस उघडावीच लागते. वाफा किंवा उग्र वास असेल तर मात्र बंद वाहिनीच घ्यावी.

कापडाच्या बाबतीत पीपी आम्ल आणि अल्कली दोन्हींना तोंड देते, म्हणून ईटीपीसाठी तेच बहुधा योग्य ठरते. पॉलिएस्टर तीव्र अल्कलीत टिकत नाही आणि नायलॉन तीव्र आम्लात टिकत नाही. एकेरी जाड धाग्याच्या विणीवरून केक लवकर सुटतो व कापड धुवायला सोपे जाते. अनेक बारीक तंतूंच्या धाग्याची वीण बारीक कण चांगले अडवते, पण लवकर बुजते. एकाच प्रेसवर काही प्लेटांना एक आणि काहींना दुसरे कापड चढवून दोन-तीन आठवडे पाहण्याची मुभा पुरवठादाराकडून घ्यावी.

कापडाचा किमान एक जादा संच, एक-दोन जादा प्लेटा आणि हायड्रॉलिक सीलचा संच खरेदीतच समाविष्ट करावा. प्रेस पाठवण्यापूर्वी पुरवठादाराच्या आवारात ती पाण्याने पूर्ण दाबावर चालवून दाखवावी, अशी अट परचेस ऑर्डरमध्ये घालावी. जुनी प्रेस घेणाऱ्यांनी प्लेटांच्या कडा सरळ पट्टी लावून तपासाव्यात, कारण वाकलेल्या प्लेटा कधीही घट्ट बसत नाहीत.

७. पंप निवडा

प्रेसला हवा असलेला पंप सुरुवातीला भरपूर प्रवाह कमी दाबावर आणि शेवटी अगदी थोडा प्रवाह पूर्ण दाबावर देणारा असावा. हवेवर चालणारा दुहेरी डायफ्रामचा पंप हे आपोआप करतो : प्रेसमधला दाब हवेच्या दाबाइतका झाला, की तो स्वतःच थांबतो. तो पुंजकेही फारसे तोडत नाही. कॉम्प्रेसरवरचा विजेचा खर्च हा त्याचा तोटा आहे. स्क्रू पंप वीज कमी घेतो आणि प्रवाह संथ ठेवतो, परंतु तो स्वतःहून थांबत नाही. त्याला प्रेशर स्विच आणि रिलीफ व्हॉल्व्ह दोन्ही लावलेच पाहिजेत, आणि टाकी रिकामी असताना तो चालला तर रबरी स्टेटर (ज्याच्या आत स्क्रू फिरतो ती नळी) काही क्षणांत खराब होतो. सेंट्रिफ्यूगल पंप स्वस्त असला तरी चौथ्या पायरीत कष्टाने बांधलेले पुंजके तोडतो. लहान ईटीपीसाठी मी डायफ्रामचाच पंप सुचवीन.

८. जागा आणि उभारणी

प्रेसच्या दोन्ही बाजूंना माणसाला वाकून काम करता येईल अशी मोकळी जागा, साधारण १ मीटर, सोडावी. प्रेस इतक्या उंचीवर असावी की केक थेट ट्रॉलीत किंवा पिशवीत पडेल. दांड्या पातळीत आहेत ना, हे लेव्हल लावून पाहावे. स्थिर टोकाचे पाय पक्के बसवावेत आणि हलत्या टोकाचे पाय सरकायला किंचित वाव ठेवावा, कारण दाबाखाली दांड्या ताणल्या जातात. वर छप्पर, खाली न झिरपणारी फरशी आणि खड्ड्याकडे उतार असावा. त्या खड्ड्यातले पाणी ईटीपीच्या सुरुवातीच्या टाकीत परत गेले पाहिजे. गाळलेले पाणी स्वच्छ दिसले तरी ते थेट नाल्यात सोडू नये. त्यातले विरघळलेले पदार्थ प्रेसमुळे कमी होत नाहीत.

९. पहिली बॅच

आधी साधे पाणी भरून गळती पाहावी. कापडाला सुरकुती राहिली असेल तर तिथूनच पिचकारी उडते. मधल्या भोकापाशी कापड नीट बसले आहे ना, हे प्रत्येक प्लेटेला हात लावून तपासावे. प्लेटांची संख्या कमी करून प्रेस चालवायची असेल, तर उत्पादकाने सांगितलेली टेकूची प्लेट घातल्याशिवाय चालवू नये.

प्लेटा पुरेशा जोराने बंद कराव्यात. ८०० मिलिमीटर प्लेटेचा दाबाखाली येणारा भाग सुमारे अर्धा चौरस मीटर असतो. ७ बारला तो सुमारे ३५ टन बलाने प्लेटा उघडू पाहतो. हायड्रॉलिकचा जोर याहून निश्चित जास्त असावा लागतो, आणि तो किती असावा हे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. लॉकनट असेल तर तो लावल्याशिवाय पंप सुरू करू नये.

सुरुवात कमी दाबावर, १ बारच्या आसपास, करावी. मात्र चेंबरे काही मिनिटांत भरतील एवढा प्रवाह ठेवावा. फारच हळू भरले, तर जड कण चेंबराच्या तळाशी बसतात आणि केक खाली जाड, वर पातळ होतो. पहिले गढूळ पाणी फीड टाकीत परत घ्यावे. सर्व नळांतून स्वच्छ पाणी येऊ लागले, की दाब टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावा. नवख्या ऑपरेटरला वेळ वाचवण्यासाठी सुरुवातीलाच पूर्ण दाब देण्याचा मोह होतो. त्यामुळे बारीक कण कापडाच्या आत घुसतात आणि ते कापड पुढच्या सर्व बॅचमध्ये हळू चालते.

सर्व नळांची धार साधारण सारखी आहे का, यावर लक्ष ठेवावे. एखाद्या चेंबराचे भोक जुन्या केकने बुजले असेल, तर त्या बाजूला दाब येत नाही, शेजारच्या चेंबरात मात्र पूर्ण दाब असतो, आणि मधली प्लेट वाकते किंवा तडकते. प्लेटा तुटण्याचे मी पाहिलेले सर्वांत नेहमीचे कारण हेच आहे.

बॅच कधी थांबवायची, हे घड्याळावर ठरवू नये. ठरावीक अंतराने एक लिटरचे भांडे भरायला किती वेळ लागतो ते मोजावे. धार थेंबांवर आली आणि दाब पूर्ण झालेला असला, की चेंबरे भरली असे समजावे. त्यानंतर सोय असल्यास केकमधून हवा फुंकावी. हवा हळूहळू सोडावी, बाजूला कोणी उभे राहू नये आणि प्रेसवर पडदा टाकलेला असावा.

१०. केक काढणे आणि कापड धुणे

प्रेस उघडण्यापूर्वी पंप बंद, हवा बंद, फीड वाहिनीचा निचरा उघडा आणि गेज शून्यावर, या चार गोष्टी ऑपरेटरने मोठ्याने म्हणून तपासाव्यात. गेजच्या तोंडात गाळ अडकला तर तो खोटा शून्य दाखवतो. म्हणून निचऱ्याच्या नळातून पाणी येणे थांबले आहे का, हेही पाहावे. चष्मा, रबरी हातमोजे आणि बूट घातल्याशिवाय कोणीही प्रेसजवळ काम करू नये. दोन माणसे प्लेटा सरकवत असतील तर एकाच्याच सूचनेने सरकवाव्यात, कारण बोटे चेमटण्याचे अपघात इथेच होतात.

केक खरवडायला लाकडी किंवा प्लॅस्टिकचे उलथने वापरावे. लोखंडी पट्टीने कापड फाटते आणि प्लेटेच्या कडेवर चरे पडतात. प्लेटांच्या कडांवर राहिलेला थोडासा केकही पुढच्या बॅचला गळती करतो, म्हणून बंद करण्याआधी प्रत्येक कड आणि मधले भोक पुसून घ्यावे. कापड पाण्याच्या जेटने नियमित धुवावे. चुना वापरणाऱ्या प्लांटमध्ये कापडात क्षारांचे कवच धरते. पीपीच्या कापडाला सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुता येते, मात्र ते आम्ल लोखंडी भागांवर पडू देऊ नये आणि धुतलेले पाणी ईटीपीतच घ्यावे.

११. कागदपत्रे

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात ईटीपीची जी रचना लिहिलेली आहे, तिच्याशी नवी प्रेस जुळते का, हे खरेदीआधी पाहावे. सांडपाण्यावरील प्रक्रियेतून निघणारा रासायनिक गाळ २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ३५.३ या क्रमांकाखाली येतो. आपल्या अधिकारपत्रात हा प्रकार आणि त्याचे वार्षिक प्रमाण नोंदलेले असावे. प्रेसनंतर गाळाचे वजन बदलते, त्यामुळे जुना आकडा तपासून घ्यावा. जवळ ठेवायची कागदपत्रे अशी : चालू संमतीपत्र व अधिकारपत्र, सामाईक विल्हेवाट केंद्राचे सभासदत्व, केकचे विश्लेषण, नमुना ३ मधील रोजच्या नोंदी, प्रत्येक फेरीचे नमुना १० मधील मॅनिफेस्ट (कचऱ्यासोबत जाणारे वाहतुकीचे पत्रक), आणि ३० जूनपूर्वी भरायचे नमुना ४ मधील वार्षिक विवरण. केक सर्वसाधारणपणे ९० दिवसांहून अधिक काळ आवारात ठेवता येत नाही. तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे सामाईक विल्हेवाट केंद्रे आहेत. सुटे पाणी गळणारा केक तिथे परत पाठवला जाऊ शकतो, म्हणून पिशव्या भरण्याआधी केक हाताने दाबून पाहावा.

१२. नोंदवही आणि तिचा उपयोग

प्रत्येक बॅचसाठी गाळातले घन, पीएच, पॉलीची मात्रा, सुरुवात व शेवटची वेळ, अंतिम दाब, केकचे वजन आणि गढूळ नळांचे क्रमांक एवढ्याच नोंदी कराव्यात. त्याहून जास्त रकाने ठेवले तर ते भरले जात नाहीत. या नोंदींवरून दोष ओळखता येतो. दाब लवकर चढला, पाणी थोडे आले आणि केक पातळ निघाला, तर आधी पॉलीची मात्रा व गाळाचा दाटपणा तपासावा, मग कापड. दाब चढतच नसेल, तर पंपाचा डायफ्राम, हवेचा पुरवठा किंवा फाटलेले कापड पाहावे. केक बाहेरून घट्ट पण आत ओला असेल, तर बॅच लवकर थांबवली गेली आहे. धुतल्यानंतरही बॅचचा वेळ सलग वाढत गेला, तर कापड बदलण्याची वेळ आली आहे. नवे कापड मापानुसार शिवून यायला वेळ लागतो, त्यामुळे जादा संच प्रेसवर चढवला त्याच दिवशी पुढच्या संचाची ऑर्डर द्यावी आणि तिच्यासोबत प्लेटेचे माप, भोकाचा व्यास व कापडाच्या विणीचा क्रमांक लिहून पाठवावा.